करार कुणाच्या हाती? अमेरिकेतील स्वतंत्र बेसबॉल लीगची गोष्ट

अमेरिकेतील मायनर लीग, म्हणजे सर्वोच्च अशा मेजर लीगच्या खालच्या पातळ्यांवरील व्यावसायिक बेसबॉल समजून घ्यायचे असेल, तर मैदानात उतरलेल्या खेळाडूचा करार नेमका कुणाकडे आहे, एवढा एकच प्रश्न धरून ठेवावा. संघाचे नाव, गणवेश, मैदान आणि गावकऱ्यांचा जल्लोष पाहून वाटते की हा खेळाडू या गावाचा आहे. पण बहुतेक वेळा तो तसा नसतो. नॉर्थ कॅरोलायनामधील डरहॅम बुल्स या जुन्या आणि नावाजलेल्या संघाचेच उदाहरण घेऊ. हा संघ मेजर लीगमधील टॅम्पा बे रेज या संघाशी संलग्न आहे. बुल्सच्या खेळाडूंचा आणि प्रशिक्षकांचा पगार रेज देतात, कोण खेळणार आणि कोणत्या पिचरने (म्हणजे गोलंदाजाने) किती चेंडू टाकायचे हेही रेज ठरवतात. ऐन रंगात आलेल्या मोसमात एखादा खेळाडू वर हवा असेल, तर त्याला त्याच दिवशी बोलावून घेतात आणि डरहॅममधील मालकाला त्यावर ब्रही काढता येत नाही. स्थानिक मालकाच्या हातात उरतात ती तिकिटे, जाहिराती, खाद्यपदार्थांची विक्री आणि मैदानाची देखभाल.

क्रिकेटमध्ये वाढलेल्या आपल्या वाचकाला हे जरा चमत्कारिक वाटेल, कारण मुंबईच्या रणजी संघात कुणी खेळावे हे मुंबई इंडियन्सचे मालक ठरवत नाहीत. अमेरिकेत मात्र ३० मेजर लीग संघांपैकी प्रत्येकाने आपल्या हाताखाली मायनर संघांची अशी एक उतरंड बाळगलेली असते आणि तिचे काम सामने जिंकणे हे नसून वरच्या संघासाठी खेळाडू तयार करणे हे असते.

या उतरंडीच्या पूर्णपणे बाहेर असलेले काही डझन व्यावसायिक संघ अमेरिकेत आणि कॅनडात दर उन्हाळ्यात खेळतात. त्यांना स्वतंत्र संघ म्हणतात. त्यांचे खेळाडू तेच शोधतात, पगार तेच देतात आणि नको असलेल्याला नारळही तेच देतात. मेजर लीगच्या एखाद्या संघाला त्यांचा खेळाडू हवाच असेल, तर त्याचा करार विकत घ्यावा लागतो. हे संघ म्हणजे अलीकडचे काहीतरी बंडखोर फॅड आहे अशी अनेकांची समजूत असते. इतिहास नेमका उलटा आहे. एके काळी बहुतेक सगळेच मायनर संघ स्वतंत्र होते आणि आजची संलग्न पद्धत नंतर आली.

विकणारे संघ आणि पिकवणारे संघ

विसाव्या शतकाच्या आरंभी नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग या दोन बड्या लीगमध्ये (या दोन्ही मिळून मेजर लीग) खेळाडूंची पळवापळवी सुरू होती आणि तिचा सर्वाधिक फटका छोट्या लीगना बसत होता. म्हणून सप्टेंबर १९०१ मध्ये या छोट्या लीगचे प्रतिनिधी शिकागोत जमले आणि त्यांनी एक राष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९०३ मध्ये बड्या लीगशी समझोता झाला. त्यानुसार बड्या लीगने छोट्या संघांचे करार मानायचे आणि त्यांच्या मुलखात घुसायचे नाही. त्या बदल्यात बड्या संघांना ठरावीक रक्कम मोजून खालच्या लीगमधून काही खेळाडू उचलण्याचा हक्क मिळाला. हा हक्क सोडला, तर खेळाडू छोट्या संघाच्याच मालकीचा असे आणि चांगला खेळाडू घडवून योग्य वेळी विकणे हा त्या संघाचा मुख्य धंदा असे.

या धंद्यात बाल्टिमोरच्या जॅक डनचा हात धरणारा कुणी नव्हता. इंटरनॅशनल लीगमधील त्याच्या ओरिओल्स संघाने १९१९ ते १९२५ अशी सलग सात वर्षे विजेतेपद पटकावले. याच डनने १९१४ मध्ये बेब रूथ नावाच्या कोवळ्या पोराला करारबद्ध केले आणि पैशांची चणचण भासू लागताच त्याच वर्षी बोस्टनच्या मेजर लीग संघाला विकून टाकले. त्या व्यवहारापासून धडा घेतल्यासारखे त्याने पुढे लेफ्टी ग्रोव्ह या पिचरला अनेक वर्षे सोडलेच नाही. ग्रोव्ह मेजर लीगमध्ये सहज खेळू शकला असता, तरीही तो बाल्टिमोरमध्येच सामने जिंकत राहिला. अखेर १९२४ च्या मोसमानंतर डनने तो फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सला १,००,६०० डॉलरना दिला. वरचे सहाशे डॉलर एवढ्याचसाठी होते की बोस्टनने पुढे रूथला न्यूयॉर्कच्या यांकीजना विकले त्या विक्रीचा एक लाखाचा आकडा ओलांडला जावा. मालकासाठी हे स्वातंत्र्य फायद्याचे होते. ग्रोव्हची मात्र त्यापायी उमेदीची काही वर्षे खालच्या लीगमध्ये गेली.

डनसारखे विक्रेते भाव वाढवू लागले तेव्हा ज्या मेजर लीग संघांची तिजोरी लहान होती त्यांची पंचाईत झाली. सेंट लुई कार्डिनल्स हा असाच एक संघ होता. त्याचा कारभार पाहणाऱ्या ब्रँच रिकीने हिशेब मांडला की बाजारात बोली लावून आपण कधीच जिंकणार नाही. मग तयार खेळाडू विकत घेण्याऐवजी छोटे संघच विकत घ्यावेत, शेकडो पोरांना स्वस्तात करारबद्ध करावे आणि त्यांतून पुढे आलेले निवडक वर न्यावेत. १९२० च्या दशकात त्याने हे सुरू केले, १९२६ मध्ये कार्डिनल्सनी वर्ल्ड सिरीज ही मेजर लीगच्या विजेतेपदाची अंतिम मालिका जिंकली आणि पुढे त्यांच्या ताब्यातील किंवा त्यांच्याशी बांधलेल्या संघांची संख्या तीसच्या आसपास गेली. या पद्धतीला 'फार्म' हे नाव चिकटले ते कायमचे. १९३० च्या दशकातील महामंदीने उरलेले काम केले. डबघाईला आलेल्या छोट्या मालकांना कुणीतरी पगाराचा भार उचलणारा हवाच होता आणि मेजर लीगचे संघ तो उचलायला तयार होते.

विरोध झाला नाही असे नाही. बेसबॉलचे तत्कालीन आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांना ही पद्धत मुळीच पसंत नव्हती. एकाच मालकाचे दोन संघ एकाच लीगमध्ये खेळले तर चुरस खरी कशी राहणार, असा त्यांचा रोकडा सवाल होता. १९३८ मध्ये त्यांनी छुप्या व्यवहारांबद्दल कार्डिनल्सच्या सत्तरहून अधिक खेळाडूंना एका फटक्यात करारमुक्त केले. पण तोवर इतर संघांनीही रिकीचा कित्ता गिरवायला घेतला होता आणि आयुक्तांच्या दंडुक्याने तो ओघ थांबला नाही.

खेळाडूच्या बाजूने पाहिले तर ही रचना आणखी घट्ट होती. करारातील 'रिझर्व्ह क्लॉज' नावाच्या कलमामुळे मोसम संपला तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे. जॉर्ज टूलसन हा पिचर यांकीजच्या न्यूअर्क येथील संघात होता. त्याला खालच्या पातळीवरील बिंगहॅम्टनला जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा तो गेला नाही आणि प्रकरण न्यायालयात पोहोचले. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार ठरत नाही असे म्हणून त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यातून वगळले होते. १९५३ मध्ये टूलसनच्या प्रकरणात न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला आणि बदल करायचाच असेल तर तो संसदेने करावा असे सुचवले. न्यायालयाची ही भूमिका मला आजही पळवाटीची वाटते. पण तिचा व्यवहारातील अर्थ एवढाच की उतरंडीत एकदा शिरलेल्या खेळाडूला त्याच धंद्यात दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर मायनर लीगना सोन्याचे दिवस आले. १९४९ मध्ये ५९ लीग होत्या, चारशेहून अधिक संघ होते आणि वर्षाला सुमारे ४ कोटी प्रेक्षक येत होते. मग घराघरांत दूरचित्रवाणी आली, मेजर लीगचे सामने घरबसल्या दिसू लागले आणि गावातल्या लाकडी बाकांवर बसून अनोळखी पोरांचा खेळ पाहण्याची ओढ आटली. पंधरा वर्षांत लीगची संख्या वीसच्या घरात आली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस मेजर लीगने मायनर संघांच्या खर्चाचा मोठा वाटा अधिकृतपणे उचलायचे ठरवले आणि त्यामुळे मायनर लीग तगल्या, पण स्वतंत्रपणे संघ चालवणे जवळपास संपले.

जवळपास म्हणायचे कारण म्हणजे ऑरेगन राज्यातील पोर्टलंड मॅव्हरिक्स. १९७३ ते १९७७ या काळात हा संघ संलग्न संघांच्या लीगमध्ये स्वतंत्र म्हणून खेळला. त्याचा मालक बिंग रसेल हा दूरचित्रवाणी मालिकांमध्ये कामे करणारा नट होता. त्याने खुली निवड चाचणी जाहीर केली आणि इतरांनी टाकून दिलेले, वय झालेले, वादग्रस्त ठरलेले खेळाडू गोळा केले. या मंडळींनी मोठ्या संघांच्या होतकरू पोरांना वारंवार हरवले आणि पोर्टलंडमध्ये गर्दी उसळू लागली. ती पाहून वरच्या पातळीवरील पॅसिफिक कोस्ट लीगला ते शहर पुन्हा हवेसे वाटले. नियमानुसार वरच्या लीगला शहर घेता येत होते, फक्त भरपाई द्यावी लागत होती. लीगने देऊ केलेली किरकोळ रक्कम रसेलने नाकारली, तो लवादाकडे गेला आणि त्याने २,०६,००० डॉलर मिळवले. तो जिंकला आणि त्याचा संघ संपला.

एका करारातून उघडलेली फट

स्वतंत्र लीग पुन्हा जन्माला आल्या त्या मेजर लीगनेच केलेल्या एका कडक करारामुळे, हा या इतिहासातील मला सर्वांत गमतीचा भाग वाटतो. १९८० च्या दशकात मायनर लीगला पुन्हा गर्दी होऊ लागली होती आणि संघांच्या किमती भराभर वाढत होत्या. आपण पगार द्यायचे आणि नफा स्थानिक मालकांनी खायचा, हे मेजर लीगला खुपू लागले. १९९० च्या अखेरीस झालेल्या नव्या करारात तिकीटविक्रीतील काही हिस्सा वर देण्याची अट आली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मैदानांसाठी सविस्तर निकष आले. प्रकाशझोत किती प्रखर हवेत, कपडे बदलण्याच्या खोल्या किती मोठ्या हव्यात, आसने किती हवीत, हे सगळे कागदावर उतरले आणि ते ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायचे होते. ज्या नगरपालिकांकडे पैसा होता त्यांनी नवी मैदाने बांधली. ज्यांच्याकडे नव्हता, त्यांच्याकडे चांगली वापरण्याजोगी पण निकषांत न बसणारी जुनी मैदाने तशीच राहिली.

अशी मैदाने हेरणारा माणूस होता माइल्स वुल्फ. बेसबॉलच्या धंद्याची त्याला खडान्‌खडा माहिती होती. १९८० च्या सुमारास त्याने हाच डरहॅम बुल्स संघ अडीच हजार डॉलरहूनही कमी किमतीत घेतला होता आणि दशकभरात तो देशभर नावाजला गेल्यावर विकला होता. शिवाय 'बेसबॉल अमेरिका' हे या क्षेत्रातील महत्त्वाचे नियतकालिक त्याच्या मालकीचे होते. वुल्फने १९९३ मध्ये नॉर्दर्न लीग सुरू केली. हे नाव जुने होते. त्या प्रदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९७१ पर्यंत या नावाची लीग मधूनमधून चालत असे आणि पुढे मेजर लीगचा महान फलंदाज ठरलेल्या हँक आरनने आपल्या कारकिर्दीच्या आरंभी १९५२ मध्ये तिच्यात ओ क्लेअर या गावाच्या संघाकडून खेळ केला होता. नव्या लीगमध्ये सहा संघ होते: मिनेसोटातील सेंट पॉल, रॉचेस्टर आणि डुलुथ, आयोवातील सू सिटी, साउथ डकोटातील सू फॉल्स आणि कॅनडातील थंडर बे. डुलुथचे विटांचे वेड स्टेडियम १९४१ मध्ये सरकारी रोजगार योजनेतून बांधलेले होते. सू सिटीने मात्र नवे मैदान उभारले. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घातली गेली आणि अनुभवी खेळाडूंची संख्याही मर्यादित ठेवली, जेणेकरून एखाद्या मालकाने पैशांच्या जोरावर बाकीच्यांना चिरडू नये.

या सहांपैकी सेंट पॉलची गोष्ट जरा जवळून पाहण्याजोगी आहे, कारण संलग्न पद्धतीत हा संघ होऊच शकला नसता. सेंट पॉल आणि मिनियापोलिस ही जुळी शहरे. मिनियापोलिसमध्ये मेजर लीगचे ट्विन्स होते, त्यांनी १९८७ आणि १९९१ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली होती आणि प्रदेशहक्काच्या नियमानुसार त्यांच्या दाराशी मायनर संघ थाटण्याची सोय नव्हती. नॉर्दर्न लीग त्या करारावर सही करणाऱ्यांत नव्हती, त्यामुळे तो नियम तिला लागू नव्हता. शहाण्या लोकांनी हा वेडेपणा ठरवला. पण ट्विन्सचे सामने मेट्रोडोम नावाच्या बंदिस्त छताखाली, कृत्रिम गवतावर होत आणि मिनेसोटासारख्या लांब हिवाळ्याच्या प्रदेशात जूनच्या संध्याकाळी लोकांना उघड्या आभाळाखाली बसायचे होते.

सेंट पॉलच्या संघाचे नाव सेंट्स. त्यांचे मिडवे स्टेडियम रेल्वेमार्गाला लागून होते. सामना चालू असताना मालगाड्या जात, इंजिनचालक भोंगा वाजवत आणि प्रेक्षक त्याला ओरडून दाद देत. पंचाला नवे चेंडू आणून द्यायचे काम डुकराच्या एका पिलाकडे असे. दरवर्षी नवे पिल्लू येई आणि त्याच्या नामकरणाचा सोहळा होई. प्रेक्षकांत एक नन थोड्या पैशांत लोकांची मान आणि पाठ रगडून देत असत, तर एका खुर्चीत बसून सामना पाहता पाहता केस कापून घेता येत. या सगळ्यामागे माइक व्हेक होता. त्याच्या वडिलांनी, म्हणजे बिल व्हेक यांनी, १९५१ मध्ये साडेतीन फुटांच्या आसपास उंचीच्या एडी गेडेलला मेजर लीगच्या सामन्यात फलंदाजीला पाठवून खळबळ उडवली होती. मुलाने त्यावर कडी केली: १९७९ मध्ये शिकागोच्या मैदानात डिस्को संगीताच्या तबकड्या स्फोटाने उडवण्याचा त्याचा कार्यक्रम हाताबाहेर गेला, प्रेक्षक मैदानात घुसले आणि व्हाइट सॉक्सना दुसरा सामना सोडून द्यावा लागला. त्यानंतर बेसबॉलमध्ये त्याला कुणी काम देईना. दुसरी संधी केवळ खेळाडूंनाच मिळाली असे नाही. व्हेकलाही ती याच लीगने दिली. सहमालकांमध्ये नट बिल मरे होता. पहिल्याच वर्षी सेंट्स विजेते ठरले आणि तिकिटे मिळेनाशी झाली. १९९४ च्या ऑगस्टमध्ये मेजर लीगचे खेळाडू संपावर गेले, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली आणि रुसलेल्या प्रेक्षकांना या लीगचे महत्त्व आणखी पटले.

इथे खेळायला येते कोण

स्वतंत्र संघातील खेळाडू साधारण तीन प्रकारचे असतात आणि त्यांतले बहुसंख्य पहिल्या प्रकारचे: ज्यांना ड्राफ्टमध्ये, म्हणजे मेजर लीग संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्या वार्षिक निवडीत, कुणी निवडले नाही किंवा निवडून काही वर्षांत सोडून दिले. डॅनियल नावा हा यांचा आदर्श म्हणता येईल. कॉलेजच्या संघातून खेळूनही त्याला कुणी घेतले नाही. २००७ मध्ये तो कॅलिफोर्नियातील चिको आउटलॉजकडून खेळला आणि बोस्टन रेड सॉक्सने त्याचा करार घेतला, तो १ डॉलरला. तो टिकला तर आणखी थोडी रक्कम द्यायची अट होती. १२ जून २०१० रोजी तो मेजर लीगमध्ये पहिल्यांदा बॅट घेऊन उभा राहिला, तिन्ही बेसवर (धावताना गाठायच्या टप्प्यांवर) सहकारी होते, आणि पडलेला पहिलाच चेंडू त्याने कुंपणापलीकडे भिरकावला.

दुसरा प्रकार म्हणजे वर राहून आलेले आणि परत जाऊ पाहणारे. डॅरिल स्ट्रॉबेरी हा मोठा तारा व्यसन आणि निलंबनांमुळे कुणालाही नकोसा झाला होता. १९९६ मध्ये तो सेंट पॉलकडून खेळला आणि त्याच उन्हाळ्यात यांकीजने त्याला उचलले. रिच हिल या पिचरने पस्तिसाव्या वर्षी, २०१५ मध्ये, लाँग आयलंड डक्सकडून अवघे दोन सामने खेळून बोस्टनचे लक्ष वेधले आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस डॉजर्सशी तीन वर्षांचा ४ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला.

तिसरा प्रकार संख्येने लहान, पण या लीगचे खरे बळ दाखवणारा आहे. ड्राफ्टमध्ये निवडलेल्या तरुणाला फक्त त्याच एका संघाशी बोलणी करता येतात. देऊ केलेली रक्कम त्याला पटली नाही, तर पुढच्या ड्राफ्टपर्यंत हात चोळत बसावे लागते आणि सराव तुटतो. १९९७ मध्ये फिलाडेल्फियाने दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या जे. डी. ड्रूने सही करायला नकार दिला आणि तो सेंट पॉलमध्ये खेळू लागला. १९९८ मध्ये कार्डिनल्सनी त्याला पुन्हा निवडले. ल्यूक होचेव्हर डॉजर्सशी फिसकटल्यावर टेक्सासमधील फोर्ट वर्थ कॅट्सकडे गेला आणि २००६ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. २००७ मध्ये मॅक्स शर्झरने त्याच संघाचा आसरा घेतला आणि मुदत संपता संपता आपल्याला निवडलेल्या अॅरिझोनाशी करार केला. टूलसनकडे नसलेली दुसरी जागा आता अस्तित्वात होती आणि ती वापरून भाव करता येत होता.

संलग्न संघांनी कधी दार उघडले नसते अशांनाही इथे जागा मिळाली. १९५० च्या दशकात मेमी जॉन्सन कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये पिचर म्हणून पुरुषांसोबत खेळली होती. त्यानंतर बऱ्याच काळाने, १९९७ मध्ये, आयला बॉर्डर्स ही डावखुरी पिचर सेंट पॉलच्या संघात आली आणि २४ जुलै १९९८ रोजी डुलुथकडून तिने सू फॉल्सविरुद्ध विजय नोंदवला.

हे सगळे ऐकायला छान वाटते, पण पगाराचा आकडा पाहिला की जमिनीवर यायला होते. लीगनुसार महिन्याला काही शेकड्यांपासून सुमारे तीन हजार डॉलरपर्यंत पैसे मिळतात आणि तेही फक्त मोसमाच्या महिन्यांत. खेळाडू गावातील कुटुंबांकडे पाहुणे म्हणून राहतात, रात्रभर बसने प्रवास करतात आणि हिवाळ्यात दुसरी नोकरी करतात.

संघांचेही तसेच. १९९३ मध्येच ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकीच्या गावांत फ्रंटियर लीग सुरू झाली, तिच्या आठपैकी दोन संघांनी पहिल्याच मोसमाच्या आरंभी मान टाकली. तरीही आज सलग चालू असलेली सर्वांत जुनी स्वतंत्र लीग हीच आहे. वेस्टर्न, टेक्सास-लुइझियाना, गोल्डन अशा कित्येक लीग आल्या आणि गेल्या. खुद्द नॉर्दर्न लीग २०१० नंतर बंद पडली आणि तिचे विनिपेग, फार्गो-मूरहेड, गॅरी आणि कॅन्सस सिटी हे संघ अमेरिकन असोसिएशन या दुसऱ्या स्वतंत्र लीगमध्ये दाखल झाले. सेंट पॉल, सू सिटी आणि सू फॉल्स आधीच तिकडे गेलेले होते. ऐनवेळी एखादा संघ बुडाला की वेळापत्रक विस्कटते, कारण विषम संख्येत रोज कुणातरी एकाला प्रतिस्पर्धी उरत नाही. यावर अटलांटिक लीग या आणखी एका स्वतंत्र लीगने काढलेला तोडगा म्हणजे 'रोड वॉरियर्स' हा संघ: त्याला स्वतःचे मैदान नाही, गाव नाही, घरचा एकही सामना नाही. अख्खा मोसम या खेळाडूंनी परगावी, दुसऱ्यांच्या प्रेक्षकांसमोर खेळून काढायचा.

प्रयोगशाळा आणि भागीदारी

फ्रँक बोल्टन यांनी स्थापन केलेली अटलांटिक लीग १९९८ मध्ये मैदानात उतरली. ईशान्येकडील दाट वस्तीच्या पट्ट्यात, मेजर लीगच्या मोठ्या संघांच्या सावलीत, नवी मैदाने बांधून आणि बऱ्यापैकी अनुभवी खेळाडू घेऊन ती चालली. २०१९ मध्ये तिने मेजर लीगशी एक वेगळाच करार केला: मेजर लीगला सुचलेले नियम आधी इथे लावून पाहायचे. १० जुलै २०१९ रोजी पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथे या लीगचा ऑल-स्टार सामना, म्हणजे निवडक खेळाडूंचा प्रदर्शनीय सामना, झाला, त्यात पंच ब्रायन डीब्रॉवेअर यांच्या कानात एक छोटे यंत्र होते आणि खिशात फोन. चेंडू बॅटरपाशी पोहोचला की रडारवर चालणारी यंत्रणा तो वैध होता की नाही ते ठरवी, निकाल पंचांच्या कानात ऐकू येई आणि पंच तो हाताने दाखवीत. मेजर लीगमध्ये संघांना पंचांच्या अशा निर्णयाला यंत्राकडे आव्हान देण्याची मुभा २०२६ च्या मोसमापासून देण्याचे ठरले, त्याची पहिली सुरुवात यॉर्कमध्ये झाली होती. बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच करणे आणि क्षेत्ररक्षकांना एकाच बाजूला दाटीने उभे राहण्यास मनाई करणे, हे २०२३ मध्ये मेजर लीगने स्वीकारलेले बदलही आधी इथे आजमावले गेले.

सगळेच प्रयोग वर गेले नाहीत. कोणताही चेंडू झेलणाऱ्याच्या हातून सुटला तर बॅटरला पहिल्या बेसकडे धाव घेता येईल, असा एक नियम होता. लोकांनी त्याची चेष्टाच केली. २०२१ मध्ये तर मोसमाच्या उत्तरार्धात पिचरची जागा एक फुटाने मागे नेली. ६० फूट ६ इंच हे अंतर १८९३ पासून चालत आले आहे आणि पिचरचा हात, खांदा, सवय सगळे त्याच अंतराला बांधलेले असते. मेजर लीगने ते आपल्या खेळाडूंवर लादण्याचे धाडस केले नसते. ज्यांचा करार मेजर लीगकडे नाही अशा, वर जाण्यासाठी धडपडणाऱ्या पिचरांवर ते लादणे सोपे होते. ही कल्पना पुढे नेली गेली नाही. पण त्या उन्हाळ्यात ज्यांनी ६१ फूट ६ इंचांवरून चेंडू टाकले, त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची गरज किती जणांना वाटली असेल, याविषयी मला शंका आहे.

त्याच सुमारास वरची उतरंडही बदलली. २०२० मध्ये महासाथीमुळे मायनर लीगचा मोसम रद्द झाला, त्याच वर्षी जुना करार संपला आणि मेजर लीगने संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. चाळीसहून अधिक गावांची संलग्नता एका झटक्यात गेली. त्यांतील काहींनी १९९३ चाच मार्ग धरला: केंटकीतील लेक्सिंग्टन अटलांटिक लीगमध्ये गेले, शिकागोजवळचे केन काउंटी अमेरिकन असोसिएशनमध्ये, तर न्यूयॉर्क राज्यातील ट्राय-सिटी फ्रंटियरमध्ये. १९३९ पासून चालत आलेली पायोनियर लीग तर सगळीच्या सगळी स्वतंत्र झाली. या चारही लीगना मेजर लीगने 'भागीदार' असा दर्जा दिला. याउलट ट्विन्सच्या नाकावर टिच्चून उभे राहिलेले सेंट पॉल सेंट्स २०२१ पासून ट्विन्सचाच सर्वांत वरचा संलग्न संघ झाले. डुकराचे पिल्लू अजूनही चेंडू आणते. पण कोण खेळणार ते आता मिनियापोलिसमध्ये ठरते.

भागीदार म्हटले तरी या चार लीगमध्ये खेळाडूचा करार आजही संघाकडेच असतो आणि म्हणून मोकळी झालेली जागा त्या लवकर भरू शकतात. ऑकलंडच्या अॅथलेटिक्सनी शहर सोडून जाण्याचे जाहीर केल्यावर दोन स्थानिक माणसांनी पायोनियर लीगमध्ये ऑकलंड बॉलर्स हा संघ उभा केला, सामान्य चाहत्यांनाही त्याच्या भांडवलात वाटा दिला आणि वेस्ट ऑकलंडमधील रायमोंडी पार्क या सार्वजनिक उद्यानातील मैदान दुरुस्त करून २०२४ च्या उन्हाळ्यात सामने सुरू केले. त्याच सप्टेंबरात अॅथलेटिक्स आपला शेवटचा घरचा सामना खेळून गेले. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, बॉलर्सनी पायोनियर लीगचे विजेतेपद मिळवले.